चांदी टोचली की अळ्या काळ्या पडतात, तेही जंतू नसताना

लक्षण असं. चांदीची संयुगं जंतूंवर औषध म्हणून चालतात का, ते आम्ही गॅलेरिया मेलोनेलाच्या, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातल्या मेणकिड्याच्या, अळ्यांत तपासतो. त्यातल्या दहा अळ्यांना फक्त चांदीचं संयुग टोचलंय, जंतू नाहीत. हा गट विषारीपणा तपासण्यासाठी ठेवलेला, म्हणजे इथे काहीच घडू नये अशी अपेक्षा. तरी तीन तासांत चार अळ्या चॉकलेटी होतात आणि सकाळपर्यंत त्यातल्या दोन कोळशासारख्या. पुढच्या आठवड्यात तोच डोस, तीच बाटली, तीच सिरिंज, आणि दहाच्या दहा अळ्या सायीच्या रंगाच्या, ठणठणीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा काळ्या.

आमच्याकडे हे चार महिने चाललं. आणखी एक तक्रार बरोबरीनेच होती, पण ती वेगळी आहे असं आम्ही धरून चाललो होतो: जंतू टोचून मग चांदी दिलेल्या गटात कधी सात अळ्या वाचत, कधी दोन. दोन्हींचं मूळ एकच निघालं. ते इथे लिहून ठेवते, कारण चांदीवर काम करणाऱ्या आणखी तिघांनी मला हाच प्रश्न विचारलाय.

आधी काळेपणाबद्दल, कारण तो वाचता आला नाही तर पुढचं सगळं अंदाजाने चालतं. अळीच्या शरीरात काही परकं शिरलं की हिमोलिम्फमधलं, म्हणजे तिच्या रक्तातलं, फिनॉलऑक्सिडेज नावाचं विकर जागं होतं आणि मेलॅनिन तयार होतं. हिमोसाइट पेशी त्या परक्या कणाभोवती गोळा होतात, गाठ बांधतात आणि ती गाठ काळी पडते. परका म्हणजे जंतूच असायला हवा असं नाही. न विरघळलेला कुठलाही कण चालतो. हे वाक्य मी पहिल्या आठवड्यात नीट मनावर घेतलं असतं तर चार महिने वाचले असते.

चांदीच्या बाबतीत दुसराही काळेपणा असतो. सिल्व्हर क्लोराइड उजेडात धरलं की त्यातली चांदी सुटी होते आणि पांढरा कण जांभळट-करडा होतो. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागून बोटं तपकिरी झाली असतील तर हा प्रकार तुमच्या ओळखीचा आहे. टोचल्या जागी सुईएवढा करडा ठिपका दिसला आणि बाकी अळी स्वच्छ, चपळ असली, तर ती मेलॅनिनची लाट नसून जागीच साचलेली चांदी असू शकते. ओळखायची सोपी युक्ती: टोचून उरलेलं द्रावण त्याच नळीत, त्याच दिव्याखाली ठेवा. अळी नसलेली नळीही करडी पडली तर अळीवर आळ घेऊ नका.

आम्ही अर्थातच अळीवरच आळ घेतला.

आमच्या अळ्या विकतच्या नव्हेत. महाबळेश्वरकडच्या एका मधपाळाकडून जुन्या चौकटी आणल्या आणि पैदास सुरू केली. त्यांच्या लेखी हा मेणकिडा म्हणजे शत्रू. किडा लागलेली पोळी ते जाळून टाकतात, आणि आम्ही तीच पैसे मोजून नेतोय हे पाहून त्यांची चांगली करमणूक झाली. या मार्गाने अळ्या आणणार असाल तर मधपाळाला एक प्रश्न विचाराच: चौकटींना गंधकाची धुरी दिली होती का, किंवा किड्यासाठी कुठलं औषध मारलं होतं का? साठवलेल्या पोळ्यांवर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणूही फवारतात, आणि ते तर मेणकिड्याला मारण्यासाठीच असतं. ब्रॅकॉनसारखी परजीवी गांधीलमाशी आधीच अंडी घालून गेली असेल तर अळ्या आपल्या हातात येण्याआधीच अर्ध्या मेलेल्या असतात. म्हणून दोन पिढ्या आपल्याकडे वाढवल्याशिवाय प्रयोगाला घेऊ नयेत असं माझं मत आहे.

बाकी गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात, त्या उरकते. शेवटच्या अवस्थेतल्या, साधारण २०० ते ३०० मिलीग्रॅम वजनाच्या, एकही काळा ठिपका नसलेल्या अळ्या घ्यायच्या. उलटी केली की लगेच सुलटी होते ती निरोगी. ३७ अंशांवर काचेच्या पेट्रीत, गाळणकागदावर ठेवायच्या. प्लॅस्टिकच्या पातळ डब्यात ठेवू नका, कुरतडून पळतात. २०१७ मध्ये स्पेनमधल्या फेडेरिका बर्टोकिनी यांच्या गटाने या अळ्या पॉलिथिन कुरतडतात त्यावर शोधनिबंध लिहिला, त्याची सुरुवातही पोळ्यातल्या अळ्या भरलेल्या पिशवीला भोकं पडली तिथूनच झाली होती. उपाशी ठेवणं, थंडीत ठेवणं, डबा हलवणं, या सगळ्याचा अळीच्या प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो. आयर्लंडमधल्या मेनूथ विद्यापीठात केविन कॅव्हनॉ यांच्या गटाने यातल्या एकेक गोष्टीवर स्वतंत्र काम केलंय. नुसता डबा हलवला तरी अळी कँडिडा या बुरशीला जास्त टक्कर देते, आणि सात दिवस उपाशी ठेवली तर कमी. थोडक्यात, सोमवारी आलेल्या अळ्या गुरुवारी वापरायच्या आणि पुढच्या वेळी आल्या दिवशीच, असं करू नका.

हे सगळं आम्ही जागेवर आणलं. काहीही न टोचलेल्या अळ्या पाचही दिवस जगल्या, नुसतं पीबीएस, म्हणजे मीठ आणि फॉस्फेट असलेलं बफर द्रावण, टोचलेल्याही जगल्या. चांदीवाल्या मात्र एका आठवड्यात काळ्या, एका आठवड्यात गोऱ्या.

उलगडा झाला तो भांडी कमी पडल्यामुळे. एका दिवशी पेट्री शिल्लक नव्हत्या, म्हणून प्रत्येक अळी वेगळ्या काचेच्या बाटलीत ठेवली आणि टोचल्याच्या क्रमाने बाटल्यांवर आकडे घातले. दुसऱ्या दिवशी काळ्या पडलेल्या अळ्या कोणत्या? ७, ८, ९, १०. पहिल्या सहा जशाच्या तशा. एका पेट्रीत दहा अळ्या एकत्र असताना हा क्रम कधी दिसणंच शक्य नव्हतं.

क्रमाने मरत असतील तर अळीत काही बदललेलं नाही, द्रावणात बदललंय. नळी काळ्या कागदासमोर धरली. तळाशी दह्याच्या निवळीखाली बसतो तसा पांढरा साका. पंगतीत आमटी न ढवळता वाढली की पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला डाळ मिळते, तसं आमच्या अळ्यांचं झालं होतं. पहिल्या सहांना जवळजवळ नुसतं पाणी, शेवटच्या चौघींना गाळ. चांदी देऊनही जंतूंपासून न वाचणाऱ्या अळ्या म्हणजे पंगतीच्या सुरुवातीच्या. आणि जंतू नसताना काळ्या पडणाऱ्या म्हणजे शेवटच्या.

हा साका दहावीच्या विज्ञानातला आहे. सिल्व्हर नायट्रेट आणि मीठ एकत्र केलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप, दुहेरी विस्थापनाचं ठरलेलं उदाहरण. पीबीएसमध्ये लिटरला सुमारे १३७ मिलिमोल मीठ असतं. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार, म्हणजे द्रावणात राहू शकणाऱ्या चांदी आणि क्लोराइड आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार, सुमारे १.८ × १०⁻¹⁰. भागाकार करून पाहा: इतक्या क्लोराइडच्या सोबतीला मोकळे चांदीचे आयन लिटरला नॅनोमोलच्या घरात उरतात. आम्ही मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅम चांदी आहे असं समजत होतो, म्हणजे जवळपास एक मिलिमोल. कागदावरचा आकडा आणि नळीतला मोकळा आयन यांत लाखोपट तफावत. शिवाय पीबीएसमधलं फॉस्फेटही चांदीला धरतं, सिल्व्हर फॉस्फेट पिवळट असतं. म्हणजे मीठ काढून नुसतं फॉस्फेट बफर वापरूनही सुटका नाही.

मग एक आठवडा बरा, एक वाईट, असं का? कारण आमच्या कृतीच्या कागदावर एवढंच लिहिलं होतं: ‘मूळ द्रावण पातळ करून घ्यावे.’ कशात, ते नाही. तो कागद मीच लिहिला होता. मी पातळ करायचे ते निर्जंतुक पाण्यात, कारण माझ्या डोक्यात तेच पक्कं होतं. माझ्याबरोबरची विद्यार्थिनी करायची पीबीएसमध्ये, कारण बाकी सगळं आम्ही पीबीएसमध्येच करतो. आम्ही आलटून पालटून आठवडे घेत होतो. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “ताई, मला वाटलं गढूळपणा संयुगाचाच असेल, म्हणून विचारलं नाही.” तिचं काही चुकलं नव्हतं.

आता उपाय. पीबीएस काढून टाका, एवढं सांगून भागत नाही, कारण क्लोराइड मागच्या दारानेही येतं.

साधं सिल्व्हर नायट्रेट असेल तर निर्जंतुक, आयनरहित पाण्यात करा. अळीला दहा मायक्रोलिटर पाणी सहज सोसतं. शरीराशी मिळताजुळता क्षार हवाच असेल तर सोडियम नायट्रेट घ्या, १०० मिलीलिटरमध्ये १.२७ ग्रॅम, म्हणजे लिटरला १५० मिलिमोल. आमच्या अळ्यांनी ते पाच दिवस सोसलं. तुमच्या अळ्यांवर नुसत्या त्याच द्रावणाचा गट आधी लावून घ्या. ग्लुकोजच्या वाटेला जाऊ नका, ते चांदीला हळूहळू धातूरूपात आणतं आणि दुपारपर्यंत द्रावणाला रंग चढतो. आणि पाणी शुद्ध आहे हे गृहीत धरू नका. पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. धुरकट झालं तर तुमच्या ऊर्ध्वपातन यंत्राची देखभाल करायची वेळ झालेली आहे. आमच्या मजल्यावरची दोन यंत्रं या परीक्षेत नापास झाली.

मग सिरिंज. बहुतेक ठिकाणी आधी पीबीएसचा गट टोचतात, मग त्याच सिरिंजने औषधाचा. सुईच्या आतल्या पोकळीत राहिलेला पीबीएसचा अंश चांदीला भेटला की तिथेच कण जमतो आणि सुई तुंबते. तुंबलेल्या सुईवर जोर दिला की एकदम सगळं आत जातं, अळी फुगते, टोचल्या जागेतून हिमोलिम्फ बाहेर येतं, आणि ती मेली की आपण लिहितो ‘विषारी’. आम्ही सिरिंज सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करत होतो, त्यातूनही क्लोराइडच मागे राहतं. आता ७० टक्के अल्कोहोल, मग तीनदा निर्जंतुक पाणी, आणि चांदीसाठी सिरिंज कायमची वेगळी. तिच्या दांड्यावर लाल चिकटपट्टी लावलीय.

जंतू कसे द्यायचे? ते पीबीएसमध्येच धुवावे लागतात, नाहीतर वाढीच्या माध्यमातली विषं अळीत जातात. म्हणून जंतू आणि चांदी एका नळीत कधीही एकत्र करायचे नाहीत. पोटाखालच्या खोट्या पायांच्या शेवटच्या जोडीत डावीकडे जंतू, तासाभराने उजवीकडे चांदी. हे दोन-टोचण्यांचं झालं, म्हणून तुलनेच्या गटालाही दोनदाच टोचायचं. एकदा टोचलेली आणि दोनदा टोचलेली अळी सारखी नसते, कारण टोचणीनेच तिची प्रतिकारयंत्रणा जागी होते.

‘अळीच्या रक्तातही क्लोराइड आणि प्रथिनं आहेतच, मग बाहेर एवढी काळजी कशाला?’ असा प्रश्न येतो. आत गेल्यावर चांदी क्लोराइडला आणि गंधक असलेल्या प्रथिनांना चिकटणार, हे खरं. पण ते घडतं प्रत्येक अळीत, सारख्या प्रमाणात, ठरलेल्या डोसवर. तोच तर प्रयोग आहे. सुईत घडतं ते डोस ठरायच्या आधीच. जंतू वाढवायच्या मुलर-हिंटन माध्यमात काढलेली किमान रोधक मात्रा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, अळीत का लागू पडत नाही, याचंही निम्मं उत्तर इथेच आहे. त्या माध्यमात प्रथिनंही आहेत आणि क्लोराइडही, त्यामुळे तो आकडा चांदीचा जितका असतो तितकाच माध्यमाचाही असतो.

जटिल संयुगांचं गणित थोडं निराळं. कार्बीन प्रकारच्या संयुगांत चांदी कार्बनला घट्ट बांधलेली असते आणि हळूहळू सुटते. डब्लिनमधले मॅथियास टाके आणि मेनूथचे कॅव्हनॉ यांच्या गटांनी एसबीसी-३ नावाचं असंच संयुग याच अळ्यांत तपासलं, २०१४ च्या सुमारास. अशी संयुगं डीएमएसओ या द्रावकात विरघळतात, पण पाण्यात ओतताच गोळा होऊ शकतात. पाणी थोडंथोडं घालत, हलवत जा, आणि शेवटच्या मिश्रणात डीएमएसओ किती टक्के राहिलं ते वहीत लिहा. तितक्याच डीएमएसओचा, चांदी नसलेला गट हवाच. संयुगातून चांदी काढली की जो सांगाडा उरतो त्याचाही स्वतंत्र गट लावा. मारलं कुणी, चांदीने की सांगाड्याने, हे नाहीतर कळत नाही. सिल्व्हर सल्फाडायझीन, म्हणजे भाजल्यावर लावायच्या एक टक्क्याच्या पांढऱ्या मलमातलं औषध, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते टोचणं म्हणजे गढूळ टोचणं. माझं मत विचाराल तर ते अळीत टोचूच नये, त्याचा जन्म त्वचेवर लावण्यासाठी झालाय.

चांदीच्या नॅनोकणांवर काम करणाऱ्यांनी पीबीएसमध्ये कण टाकून पाच मिनिटं नुसतं बघावं. पिवळं द्रावण करडं झालं की कण एकमेकांना चिकटले. वर्णपटमापकावर ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा उंचवटा बसलेला दिसेल. आणि कण खाली बसवून वरचं पाणीही एका गटाला टोचा, म्हणजे काम कणांनी केलं की सुटलेल्या आयनांनी, ते समजेल.

डोस लिहिताना होणारी चूक तर इतकी नेहमीची आहे की मी आता पाहुण्यांच्या वह्याही तपासते. सिल्व्हर नायट्रेटमध्ये वजनाने ६३.५ टक्के चांदी, सल्फाडायझीनच्या क्षारात जेमतेम ३० टक्के. ‘दोन्ही मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅम’ अशी तुलना केली की दुसऱ्यात चांदी निम्म्याहून कमी जाते. चांदीच्या मोलमध्ये लिहा. वजनाचंही तसंच: एक मायक्रोग्रॅम २५० मिलीग्रॅमच्या अळीला किलोला चार मिलीग्रॅम पडतो, १८० च्या अळीला साडेपाच, ३२० च्या अळीला तीन. एका गटात हे दोन्ही टोकाचे नमुने घेऊन मग आलेख फाटका का दिसतो म्हणून विचारू नका.

अजून एक ठिकाण जिथे माणसं हमखास अडकतात: अळीच्या आतले जंतू मोजणं. अळी वाटून जंतू वाढवायच्या ताटलीवर पसरली की वाटणातली चांदी ताटलीवरही काम करत राहते. वसाहती कमी येतात आणि औषध आहे त्याहून गुणकारी दिसतं. वाटायच्या द्रावणात सोडियम थायोग्लायकोलेट आणि थायोसल्फेट घाला, त्यांतलं गंधक चांदीला निष्प्रभ करतं. ते जंतूंना स्वतः मारत नाही ना, हे चांदी नसलेल्या नमुन्यावर आधी पाहून घ्या. याची उलट बाजूही आहे. काढलेलं हिमोलिम्फ काळं पडू नये म्हणून त्यात फिनाइलथायोयुरिया घालायची पद्धत आहे, आणि त्यातही गंधकच. म्हणजे ‘हिमोलिम्फमध्ये चांदी किती शिल्लक आहे’ हे जंतू रोखण्याच्या वलयावरून मोजायला गेलात, तर तुम्हीच तिला आधी बांधून ठेवलेलं असतं. अशा मोजणीला नमुना बर्फावर ठेवून भरभर काम करणं हाच मार्ग आम्हाला जमला.

जंतूची निवडही बघा. स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या जहाल जातीच्या दहाहून कमी पेशीही अळीला पुरतात, तिथे पातळ करण्यातली छोटी चूक सगळा निकाल फिरवते. चांदीची पद्धत बसवेपर्यंत स्टॅफिलोकोकस ऑरियस घ्या. त्याच्या लाखो पेशी लागतात, हात स्थिर राहतो.

दुरुस्तीनंतर आमच्याकडे सलग सहा फेऱ्यांत विषारीपणाच्या गटात एकंदर दोनच अळ्या काळ्या पडल्या. त्यातली एक ओळीत दहावी होती, म्हणून धावत जाऊन नळी पाहिली. स्वच्छ होती. मग लक्षात आलं, ती अळी टोचताना माझ्या हातून निसटून जमिनीवर पडली होती आणि मी तशीच उचलून बाटलीत टाकली होती. वहीत तसं लिहिलंही होतं.

क्रमांकाच्या बाटल्या आता कायमच्या आहेत, पेट्री शिल्लक असल्या तरी. पंचेचाळीस बाटल्या धुवायला वेळ लागतो, आणि धुणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की नळाच्या पाण्याने धुतल्या तर चालतील का. चालतील, फक्त चांदीच्या नळ्या मी स्वतः धुते.